ढालीवरचं नाव

आमच्या शाळेत वार्षिक क्रीडास्पर्धांच्या सर्वसाधारण विजेत्याला एक ढाल देतात. ढाल शाळेतच राहते; विजेत्याचं नाव आणि साल कोरलेली पितळी पट्टी तेवढी तिच्यावर बसवतात. त्या पट्ट्यांमध्ये एक नाव लागोपाठ दोनदा आहे, १९३७ आणि १९३८. मी शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा आधीच्या सरांनी सामानाच्या खोलीच्या किल्ल्या देताना त्या नावावर बोट ठेवून सांगितलं होतं, "हा मुलगा पुढं वैमानिक झाला. दुसऱ्या महायुद्धात गेला." त्यांनाही तेवढंच ठाऊक होतं. मीही पुढच्या कित्येक तुकड्यांना तेवढंच सांगत आले.

माझ्या निवृत्तीनंतर माजी विद्यार्थी मंडळानं मैदानाच्या फाटकाशी या वैमानिकाच्या स्मरणार्थ फलक लावायचं ठरवलं आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या एका वाक्यावर फलक उभा राहणार नव्हता. हवाई दलाच्या कुठल्या तुकडीत होते, कधी गेले, कसे गेले, कबर कुठे आहे, काहीच माहीत नव्हतं. ते शोधत गेले त्याची ही हकीकत. कुटुंबाची इच्छा अशी की नाव छापू नये, म्हणून नाव, शाळा आणि गाव तिन्ही इथे लिहीत नाही. गाव कृष्णाकाठचं, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून केली. जुन्या शाळांमध्ये एवढा एक दस्तऐवज बहुतेक ठिकाणी टिकलेला असतो, कारण दाखल्यासाठी कधी ना कधी कुणी तरी येतंच. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण. १९३८ साली मॅट्रिक होऊन शाळा सोडली, अशी नोंद मिळाली. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. जन्मतारखेपेक्षा मला पुढं जास्त उपयोगी पडलं ते वडिलांचं नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, आणि लष्करी नोंदींमध्येही बऱ्याचदा ‘अमुक यांचा मुलगा, राहणार तमुक’ असं लिहिलेलं असतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी होऊ शकतं, पण पोराचं मधलं नाव आणि बापाचं पहिलं नाव जुळलं की पाय टेकायला जमीन मिळते.

मग शाळेचे वार्षिक अंक. वाळवीनं खाल्लेले, तरी १९३८ चा अंक जवळजवळ पूर्ण होता. क्रीडाविभागाच्या अहवालात ते होते. १००, २२० आणि ४४० यार्ड या तिन्ही शर्यतींत पहिले, लांब उडीत दुसरे, खो-खोच्या संघाचे कर्णधार. ४४० यार्डांची वेळ दिली होती, ५६ सेकंद. मी त्या आकड्यापाशी बराच वेळ थांबले. ४४० यार्ड म्हणजे ४०२ मीटर. मैदान मातीचं, वळणं चुन्यानं आखलेली, वेळ हातातल्या घड्याळावर घेतलेली. त्यामुळे अर्धा सेकंद इकडेतिकडे धरावा लागतो. तरीही खेड्याकडच्या शाळेतल्या मुलाची ही वेळ आहे, खास प्रशिक्षक नसताना, आणि पुढं त्यांच्या पुतणीनं, अक्कांनी, सांगितलं त्याप्रमाणे अनवाणी. मी आयुष्यभर मुलांना हे अंतर पळायला शिकवलं. शंभर यार्ड अंगात वेग असला की जिंकता येतात. चारशेचाळीसला हिशेब लागतो. सुरुवातीला सगळं उधळलं की शेवटच्या वळणावर पाय जड होतात, छाती भरून येते, आणि मागून येणारा पुढं निघून जातो. अहवाल लिहिणाऱ्या मास्तरांनी नेमकं तेच टिपलं होतं: हा मुलगा शेवटच्या वळणापर्यंत घाई करत नसे, आणि मग कुणाला सापडत नसे. त्या पिवळ्या पानावर मला पहिल्यांदा ढालीवरच्या नावाऐवजी एक माणूस भेटला.

त्या वर्षांत महाराष्ट्रात मैदानी खेळांचं वारं होतं, हेही त्या अंकांतून जाणवतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं होतं. खो-खोचे, हुतूतूचे नियम एकसारखे व्हावेत म्हणून मंडळं झटत होती. गावोगावच्या शाळांत ड्रिल, लेझीम, मल्लखांब सुरू झाले होते. आमच्या शाळेची ढालही त्याच लाटेतली.

रजिस्टरवरच्या गल्लीत चौकशी केली. घर दोनदा विकलं गेलं होतं, पण शेजारच्या किराणा दुकानदारांनी वैमानिकाच्या पुतणीचा पत्ता दिला. त्यांना सगळे अक्का म्हणतात. वय नव्वदीकडे झुकलेलं, दृष्टी अधू, पण बोलणं खणखणीत. मी शाळेतून आले म्हटल्यावर म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत शाळेतून कुणी आलं नव्हतं, बाई." त्यात तक्रारीचा सूर नव्हता, तरी मला ते लागलं.

अक्का तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. धाकटे काका रजेवर आले की खांद्यावर बसवून नदीपर्यंत पळत जायचे, एवढं त्यांना स्वतःचं आठवतं. बाकीचं आजीकडून ऐकलेलं. पत्र्याच्या पेटीत त्यांनी जपलेल्या वस्तू थोड्या होत्या. एका दोन पंखी विमानाशेजारी उभं राहून काढलेला फोटो, मागे इंग्रजीत सही आणि ‘बेगमपेट’. शाळेची प्रशस्तिपत्रकं. मराठीत लिहिलेली काही पत्रं, सेन्सॉरचा शिक्का असलेली. ठिकाण लिहायला मनाई, त्यामुळे सगळ्यांच्या माथ्यावर नुसती तारीख. आणि पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात तीन पदकं.

पत्रांत युद्ध जवळजवळ नाहीच. पाऊस, डास, मेसमधलं जेवण, आईच्या गुडघ्यांची चौकशी. एका पत्रात मात्र विचारलंय की यंदा शाळेत ४४० यार्ड कुणी जिंकलं आणि किती वेळात. ते पत्र अक्कांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आता त्या खोक्यातून आणि फोटोतून काय कळतं ते सांगते, कारण अशा घरगुती वस्तूंमध्येच अर्धी माहिती असते. पदकांपैकी एक युद्धपदक आणि दोन तारे होते. त्यातल्या एका ताऱ्याची फीत गडद निळी, मधोमध लाल पट्टा, दोन्ही बाजूंना निळ्यात केशरी रेघ. हा बर्मा स्टार. हवाई दलातल्या माणसाला तो नुसतं नोकरीत असल्याबद्दल मिळत नसे, आघाडीवरच्या कामगिरीवर उड्डाण करावं लागे. म्हणजे ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडले होते, हे पदकानं सांगितलं. फोटोतलं विमान टायगर मॉथ, शिकाऊ वैमानिकांचं. बेगमपेट म्हणजे हैदराबाद. तिथे आणि जोधपूरला युद्धकाळात वैमानिकांचं प्राथमिक प्रशिक्षण चाले. त्याआधी लाहोरजवळ वॉल्टनला जमिनीवरचं शिक्षण, नंतर अंबाल्याला पुढचं उड्डाण, आणि लढाऊ विमानासाठी रिसालपूर. कृष्णाकाठच्या मुलाला हा सगळा प्रवास आगगाडीनं घडला असणार, आणि त्यातली अर्धी ठिकाणं आता सरहद्दीपलीकडे आहेत.

भारतीय हवाई दल तेव्हा अगदी लहान होतं. पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिली, चार वापिटी विमानांवर. युद्ध सुरू झालं तेव्हाही स्क्वाड्रन एकच होती. मग भरती वाढली, स्वयंसेवक राखीव दलातून तरुणांना घेऊ लागले, आणि युद्ध संपेपर्यंत दलाचा विस्तार कित्येक पटींनी झाला. ‘रॉयल’ हे बिरुद मार्च १९४५ मध्ये मिळालं. आमच्या वैमानिकाच्या हयातीत ते नव्हतं, म्हणून फलकावरही ते घातलं नाही.

कबर शोधायला मी आधी पुण्याला, खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेले. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, जिथे कायमची देखभाल शक्य नव्हती अशा कबरी तिथे एकत्र आणल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक. हिरवळ, सारख्या उंचीचे दगड, प्रत्येकावर वय. वीस, बावीस, एकोणीस. मी हयातभर याच वयाच्या आसपासच्या मुलांमध्ये वावरले, त्यामुळे त्या रांगांमधून चालणं सोपं गेलं नाही. तिथे त्यांचं नाव नव्हतं. आघाडीवर गेलेला हिंदू वैमानिक खडकीला असण्याचं कारणही नव्हतं, पण शोध कुठून तरी सुरू करावा लागतो, आणि तिथल्या नोंदवहीमुळे मला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची पद्धत समजली.

हे कमिशन १९१७ साली स्थापन झालं. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सुमारे सतरा लाख माणसांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत, आणि संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतात. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरले आहेत. लढाईत मेला की अपघातात की तापानं, हा भेद सेवेत असलेल्या माणसाच्या बाबतीत केलेला नाही. दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो: अधिकारी असो की शिपाई, कुठल्याही धर्माचा असो, प्रत्येकाचं नाव कोरलेलं असावं, कबरीवर किंवा स्मारकावर.

नावानं शोधलं तर काही सापडेना. तेव्हा नाव बाजूला ठेवलं आणि उलट्या बाजूनं गेले. हवाई दल निवडलं, भारतीय सेवा निवडली, १९४३ ते १९४५ एवढा काळ निवडला आणि एकेक नोंद उघडून वडिलांचं नाव पाहत बसले. असा शोध ज्यांना घ्यायचा आहे त्यांना माझं हेच सांगणं आहे. आडनावाच्या मागे लागू नका; दल आणि काळ घ्या, आणि वडिलांच्या नावावर नजर ठेवा. जी नोंद सापडली तिच्यात आडनावाचं स्पेलिंग शाळेच्या इंग्रजी दाखल्यापेक्षा निराळं होतं. पण बेगमपेटच्या फोटोमागची सही काढून पाहिली तर अगदी तेच स्पेलिंग. आडनाव त्यांनी स्वतःच तसं लिहायला सुरुवात केली होती. वडिलांचं नाव जुळलं, गाव जुळलं, वय जुळलं. हुद्दा फ्लाइंग ऑफिसर. मृत्यू जुलै १९४४ च्या दुसऱ्या आठवड्यात. स्मारक: सिंगापूर.

सिंगापूर वाचून अक्का गोंधळल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. ब्रह्मदेशच्या वाटेवर गेलेल्या माणसाचं नाव तिकडे कसं? त्याचं कारण असं की दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात, समुद्रावर, डोंगरांत जे वैमानिक गेले आणि ज्यांचा देह सापडला नाही, त्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर एकत्र कोरली आहेत. भूदलाची वाटणी मोहिमेनुसार आहे. वैमानिकांची सगळी तिथेच. चोवीस हजारांहून अधिक नावं. स्मारकाचा आकारच विमानासारखा आहे: पंखासारखं लांब छत, त्याखाली नावांनी भरलेले खांब आणि मधून शेपटीच्या उभ्या पंख्यासारखा वर गेलेला मनोरा. २ मार्च १९५७ रोजी त्याचं अनावरण झालं. म्हणजे परदेशातल्या दगडावर त्यांचं नाव तेव्हापासून आहे, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

शाळेची एक माजी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त सिंगापुरात असते. तिला कळवलं. ती आणि तिचा मुलगा रविवारी सकाळी तिकडे गेले आणि नावाचे फोटो पाठवले, दुरून एक, जवळून काही. मुलानं नावाशेजारी हात ठेवलेला एक फोटो होता, अक्षरांची उंची कळावी म्हणून. तो फोटो मोठा करून मी अक्कांना नेऊन दिला. नजर अधू म्हणून त्यांनी तो खिडकीपाशी धरला आणि बोटानं अक्षरं चाचपली.

असं परदेशी राहिलेलं हे काही पहिलं नाव नाही. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक होते. जून १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये गेले; हँगार्ड या गावच्या युद्धस्मशानात त्यांची कबर आहे. आपल्याकडे किती जणांना ते नाव माहीत असेल? ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरावर जपान्यांनी उडत्या नौकांवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर, हल्ला केला, त्यात वैमानिक मनमोहन सिंग गेले. विमानानं इंग्लंडहून हिंदुस्थानात एकट्यानं आलेले ते पहिले भारतीय. आपली माणसं अशी कुठं कुठं विसावली आहेत, आणि त्यांच्या शाळांना त्याचा मागमूस नाही.

तारीख आणि हुद्दा मिळाल्यावर पुढची पायरी स्क्वाड्रनची रोजनिशी. युद्धकाळात प्रत्येक स्क्वाड्रनला ही रोजनिशी ठेवावीच लागे. एका नमुन्यात दिवसाचा वृत्तांत, दुसऱ्यात प्रत्येक उड्डाणाचा तपशील: विमान, वैमानिक, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, काम. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये या रोजनिश्या ‘एअर २७’ या मालिकेत आहेत. एका कार्यालयाला पाठवलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही, दुसऱ्या ठिकाणी वारसाचा अर्ज लागेल म्हणाले, तो अक्कांच्या सहीनं दिला. त्या सगळ्या पत्रव्यवहारात वाचकांना रस वाटेल असं काही नाही. पानं शेवटी हाती आली.

त्यांची स्क्वाड्रन हरिकेन विमानांवर होती. एकच आसन, पुढं मर्लिन इंजिन, मागचा अर्धा सांगाडा कापडानं मढवलेला. १९४४ पर्यंत युरोपात हरिकेन जुनं झालं होतं, पण मणिपूर आणि आराकानच्या डोंगरांत त्यानं फार काम केलं. भारतीय स्क्वाड्रनकडे मुख्यतः टेहळणीचं आणि जमिनीवरच्या सैन्याला मदतीचं काम असे. टेहळणीला विमानं जोडीनं जात: एकानं खाली पाहायचं, रस्ते, पूल, झाडीत लपवलेल्या गाड्या, दुसऱ्यानं वर आणि मागे पाहत पहिल्याचं रक्षण करायचं. इंफाळला जपान्यांचा वेढा पडला असताना अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची पहिली स्क्वाड्रन तिथूनच रोज उडत होती, आणि जून १९४४ मध्ये माउंटबॅटन यांनी तिथे येऊन त्यांच्या छातीवर डी.एफ.सी. हे वैमानिकांचं शौर्यपदक लावलं. अर्जन सिंगही विद्यार्थिदशेत नावाजलेले जलतरणपटू. दमानं अंतर तोडणारी पोरं त्या काळी हवाई दलाला का हवी होती, हे मला त्या रोजनिश्या वाचताना उमगत गेलं. टेहळणीच्या वैमानिकाला तासन् तास डोकं थंड ठेवून एकट्यानं निर्णय घ्यायचे असतात.

जुलैची पानं पावसाचीच आहेत. आज उड्डाण नाही, हवा खराब. धावपट्टीवर पाणी. उड्डाण नाही. मध्येच एके दिवशी दुसऱ्या तुकडीशी हॉकीचा सामना झाल्याची ओळ, आणि गोल करणाऱ्यांत त्यांचं आडनाव. मैदान आणि आकाश एकाच कागदावर आलेली ती ओळ मी वहीत उतरवून घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेवटची नोंद. एका तळावरून दुसऱ्या तळावर विमान पोचवायचं होतं. सकाळी निघाले. वाटेत डोंगरांवर ढग खाली उतरले होते. विमान पोचलं नाही. पुढचे काही दिवस हवा उघडेल तेव्हा इतरांनी शोध घेतला, काही सापडलं नाही. एवढंच. शत्रू नाही, गोळीबार नाही.

हे मंडळाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोलेना. मग अध्यक्ष म्हणाले, "बाई, फलकावर ‘शत्रूशी झुंजताना वीरमरण’ लिहू या. कोण तपासणार आहे?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांना स्फूर्ती मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसऱ्या एकांचं म्हणणं, कसे गेले ते लिहूच नये, नुसतं ‘महायुद्धात’ लिहावं.

मी दोन्हीला नाही म्हटलं. आणि त्याचं कारण मी त्यांना जसं सांगितलं तसंच इथे सांगते. त्या युद्धात हवामानानं, बिघाडानं, प्रशिक्षणात असंख्य वैमानिक गेले, सगळ्याच देशांचे. भारतीय हवाई दलाचे करुण कृष्ण मजुमदार घ्या. १९४२ च्या ब्रह्मदेशच्या माघारीत लायसँडरसारख्या संथ विमानांवर बाँब लावून त्यांनी जपानी तळांवर हल्ले केले, पुढे फ्रान्सच्या आकाशात टेहळणी केली, डी.एफ.सी. दोनदा मिळवलं. आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला प्रात्यक्षिकाच्या उड्डाणात हरिकेन कोसळून गेले. त्यांचं शौर्य त्यामुळे उणं झालं का? पावसाळ्यात त्या डोंगरांवरून एका इंजिनाचं विमान नेणं हेच काम होतं, आणि ते कुणाला तरी करावंच लागत होतं. आमच्या मुलानं आघाडीवर उड्डाणं केली, बर्मा स्टार मिळवला, आणि नेमून दिलेलं काम करताना तो गेला. यात भर घालायची गरजच काय? जे आपण रचून लिहू ते त्याचं नसेल, आपलं असेल.

बैठकीत आणखी एक प्रश्न निघाला, दबक्या आवाजात. हा मुलगा इंग्रजांच्या नोकरीत होता ना? आमच्या भागात या प्रश्नाला धार आहे. १९४३ पासून याच कृष्णाकाठी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, तुफान सेना उभी राहिली होती, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची गाडी लुटली गेली होती. गावातली काही घरं भूमिगतांना भाकरी पोचवत होती, आणि त्याच गावातल्या एका घरचा मुलगा हवाई दलाच्या गणवेशात रजेवर येत होता. स्वातंत्र्यानंतर गावानं साहजिकच भूमिगतांची नावं चौकात लावली, आणि या मुलाविषयी कुणी फारसं बोललं नाही. घरच्यांनीही नाही. मला दोन्ही बाजूंची माणसं आपली वाटतात. जपानी सैन्य इंफाळपर्यंत येऊन ठेपलेलं असताना त्या सीमेवर उडणारा वैमानिक आणि तुरुंग फोडणारा सैनिक एकाच शाळेच्या बाकांवर बसले होते. शाळेनं आपल्या दोन्ही मुलांची आठवण ठेवावी. हे मी बैठकीत उभं राहून म्हणाले. ज्यांचे आजोबा तुफान सेनेत होते ते सदस्य त्यावर म्हणाले, "आमचे आजोबा त्यांच्याबरोबर खो-खो खेळलेत. लावा फलक." त्यानंतर तो विषय संपला.

अक्कांना मात्र फलकापेक्षा दुसरंच काही हवं होतं. मी तारीख सांगायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तिथी कोणती?" तेव्हा मला सगळी हकीकत कळली. तार आली होती ती ‘बेपत्ता’ अशी. पुढं मृत्यू गृहीत धरल्याचं पत्र आलं, पण आजीनं ते मानलं नाही. पाहिलेलं नाही त्याचं सुतक कसलं, म्हणाली. बारा वर्षं वाट पाहिली. मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी पालाशविधी केला, देह न सापडलेल्याचा करतात तो. तार कुणी जपली नव्हती, तारीख कुणाला आठवत नव्हती, म्हणून श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांबरोबर. आजी गेली, अक्कांचे वडील गेले, तरी तसंच चालू राहिलं.

शके १८६६ चं पंचांग गावच्या वाचनालयात नव्हतं. पुण्यात एका जुन्या ग्रंथसंग्रहात पाहायला मिळालं. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे आषाढ वद्य पक्ष. तारखेपुढची तिथी उतरवून घेतली आणि तिथूनच अक्कांना फोन केला. त्यांनी ती मला पुन्हा म्हणायला लावली, मग नातवाला हाक मारून लिहून घ्यायला सांगितली. यंदा आषाढात त्यांच्याकडे श्राद्ध झालं. मला आणि मंडळाच्या अध्यक्षांना जेवायला बोलावलं होतं. पानावर बसल्यावर अध्यक्षांनी स्वतःहून फलकाचा विषय काढला आणि म्हणाले, जसं बाईंनी लिहिलंय तसंच जाईल.

मजकूर साधा आहे. नाव, वडिलांच्या नावासकट. शाळेतली वर्षं. सर्वसाधारण विजेता १९३७ आणि १९३८. १००, २२० आणि ४४० यार्डांत प्रथम, ४४० यार्डांची वेळ ५६ सेकंद. भारतीय हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर, हरिकेन वैमानिक, बर्मा स्टार. जुलै १९४४ मध्ये सेवेत विमान नेत असताना खराब हवामानात बेपत्ता. सिंगापूर इथल्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे.

कोरायला देण्याआधी कागद अक्कांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लांब उडीत दुसरा आला होता ते कुठाय?" मी म्हटलं, अक्का, फलकावर जागा कमी आहे, पहिले क्रमांक तेवढे घेतलेत. "दुसरा आला तेही त्याचंच आहे की," त्या म्हणाल्या. कोरणाऱ्याला एक ओळ वाढवायला सांगितली.